व्याह्यांचा स्कोप

मंगळवार, रात्री उशिरा

झोप येत नाहीये. कारण इतकं बारीक आहे की हिला उठवून सांगितलं तर कूस बदलून पुन्हा झोपेल. म्हणून इथे लिहितोय.

नातवानं विचारलं, आजोबा, स्कोप कोणता घेऊ?

तिकडे अमेरिकेत, विस्कॉन्सिनात, थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातला त्यांचा सण) अलीकडच्या शनिवारी बंदुकीनं हरणं मारायचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. ह्याला यंदा बारा पूर्ण झाली, शिकारीतल्या सुरक्षिततेचा तो वर्गही पास झालाय, तेव्हा आता त्याचं पहिलं हरीण. रायफल व्याह्यांची. रान व्याह्यांच्या भावाचं. मचाण व्याह्यांनी स्वतः ठोकलेलं. भगभगीत नारिंगी जाकीट विहीणबाईंनी कधीच आणून ठेवलंय. (ते घालावंच लागतं, माणसांनी माणसांना मारू नये म्हणून. हरणांना तो रंग आपल्यासारखा दिसतच नाही.) राहता राहिली रायफलीवरची दुर्बीण, ती माझ्या वाट्याला आली.

मुलगी आधी जरा अडखळत बोलली. "बाबा, तुम्हाला नको वाटत असेल तर राहू दे, मी सांगते त्याला." मग तिकडे हरणं किती वाढलीत, रात्री गाड्यांवर कशी आदळतात, कडक थंडीत उपासानं कशी मरतात, एका हरणाचं मांस किती महिने पुरतं, सगळं एका दमात. पाठ करून आली असावी. मी चालेल म्हटलं नाही, चालणार नाही असंही म्हटलं नाही. म्हटलं, "त्याला फोन दे आणि वही-पेन्सिल घेऊन बसव."

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "मारणार म्हणजे, खरंच?"

मी म्हटलं, थांब जरा, बोलतोय.

त्याला हवा होता चोवीस पटींचा. आकाशदर्शनाला आलेल्या प्रत्येक पालकाचा पहिला प्रश्न तोच असतो, किती पट मोठं दाखवते? मी म्हटलं, भागाकार कर. पुढच्या काचेचा व्यास भागिले पट, म्हणजे मागून डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याचा व्यास. ४० मिलिमीटरची काच आणि २४ पट, आले १.७. तुमची शिकार सुरू होते सूर्योदयाच्या अर्धा तास आधी. त्या काळोखात तुझ्या डोळ्याची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडलेली असणार, तिला १.७ चा ठिपका देऊन काय दिसणार तुला? शिवाय तुझ्या हाताची थरथरही चोवीस पटींनी वाढणार. त्यापेक्षा तीन ते नऊ पटींचा साधा ३-९×४० घे. नऊवर ४.४, सहावर ६.७. उजेड कमी असला की पट खाली आणायची.

तो गप्प. मग पेन्सिलीचा आवाज. मग, "ओह. दॅट्स कूल."

माझी बाहुली आता पाचाच्या वर उघडत नसेल, ते काही मी बोललो नाही.

पुढे नेम जुळवायच्या चकत्यांवर आलो. चकती फिरवली की टिकटिक होते, एक क्लिक म्हणजे पाव एमओए. एमओए म्हणजे आपली कला, अंशाचा साठावा भाग. १०० यार्डांवर साधारण एक इंच. म्हणजे एका क्लिकला १५ विकला, कलेचा साठावा भाग ती विकला! शनी सगळ्यात जवळ असतो तेव्हा त्याचं नुसतं बिंब, कडी सोडून, २० विकलांच्या आसपास भरतं. एक फुटभर नळी, वर रायफलीचे दणके खाणारी, आणि शनीच्या बिंबाहून बारीक माप पाळते. हे मी जवळजवळ ओरडूनच सांगितलं. त्याला शनीचं काय मधेच, ते कळलं नाही. डोळा काचेपासून नऊ-दहा सेंटिमीटर लांब ठेव म्हणूनही बजावलं. माझ्या आकाशाच्या दुर्बिणीतल्या दहा मिलिमीटरच्या नेत्रिकेला, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाला, पापणी टेकवावी लागते. रायफलीला तशी टेकवली तर धक्क्यासरशी नळीची कड भुवईत घुसते आणि कपाळावर चंद्रकोर उमटते. "आय नो," म्हणाला. त्याच्या एका मामाला, म्हणजे काकाला, तशी खूण आहे म्हणे.

एवढा वेळ माझं कोणी ऐकून घेतल्याला बरेच दिवस झाले. मी रंगलो होतो हे खरं.

म्हणून शेवटी म्हटलं, स्कोप आला की आधी रात्री अंगणात जा आणि कृत्तिकांवर लाव. काचेची खरी परीक्षा ताऱ्यावर होते. तारा टिंबासारखा दिसला पाहिजे, कडेला गेला तरी शेपूट फुटता कामा नये.

तो म्हणाला, "नो, आजोबा. स्कोपमधून बघायचं नसतं."

"म्हणजे?"

"रायफल तिकडेच वळते ना. जे मारायचं नाही त्याच्याकडे स्कोप न्यायचाच नाही. बघायला बायनॉक्युलर्स असतात. ग्रँपा म्हणतो, आधी बायनॉक्युलर्सनी नीट बघ, शंभर टक्के खात्री कर, मगच रायफल उचल."

बरोबर आहे त्याचं. बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडून याहून शहाणं वाक्य निघणार नाही. मी शाबासही म्हटलं. आणि फोन ठेवल्यापासून ते "ग्रँपा म्हणतो" घशाखाली उतरत नाहीये.

हरणाचं वाईट वाटतंय असं म्हणता आलं असतं तर सोपं होतं. तेवढा सोज्वळ मी नाही. मामांच्या ओटीवर सांबराची शिंगं होती, त्यांना टोप्या अडकवतच आम्ही लहानाचे मोठे झालो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर कधीतरी ती शिंगं माळ्यावर गेली आणि मामांच्या गोष्टीही. मामी त्या गोष्टी चालू असताना उठून आत का जायची, हे... असो.

हरीण नाही. मग काय?

त्या काळोखात त्याच्या शेजारी व्याही बसणार, हे आहे. कुजबुजत ते त्याला सांगणार, थांब, आत्ता नको, वारा बघ. थर्मासमधलं काहीतरी गरम झाकणात ओतून देणार. आयुष्यभर त्याला ती पहाट आठवेल आणि तिच्यात माझी जागा म्हणजे एक भागाकार.

मीही त्याच्यासाठी काहीतरी केलं होतं की. दुर्बिणीचा आरसा घासला होता, सहा इंची. आयुका या पुण्यातल्या खगोलसंस्थेतल्या कार्यशाळेत शिकलो होतो तसा, कार्बोरंडमची पूड घालून काचेवर काच, बाल्कनीत, अख्खा हिवाळा. कोपर अजून बोलतं. तो आला मेच्या शेवटी, वळवाचे ढग घेऊन. एका रात्री जेमतेम चंद्र सापडला. सहा वर्षांचा होता. डोळा लावला, म्हणाला, "इट्स अपसाइड डाउन," आणि आत कार्टून बघायला गेला. अरे राजा, आरशाच्या दुर्बिणीत उलटंच दिसतं. चंद्राला त्याचं काही नसतं. रायफलीच्या नळीत मधे जास्तीची भिंगं घालून प्रतिमा सुलटी करतात, कारण हरीण सुलटं लागतं.

आणि नोव्हेंबरातल्या पहाटे ते मचाणावर चढतील तेव्हा पश्चिमेला कलतं मृग नक्षत्रच असणार, ढग नसले तर. टिळक रस्त्यावरच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या मंडळींबरोबर मी वर्षानुवर्षं हे दाखवत आलोय: हे हरणाचे चार पाय, हे त्याच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे, आणि तो खाली लखलखतोय ना, तो व्याध, त्यानं मारला. एखादं पोरगं विचारायचंच, का मारला? मी म्हणायचो, ते पुढे सांगतो, आधी काक्षी बघा, तांबूस दिसतोय का? पुढे कधीच सांगितलं नाही. कुणी पुन्हा विचारलंही नाही म्हणा.

व्याह्यांना मृग माहीत असेल का? त्यांच्याकडे तो शिकारीच आहे, ओरायन. हरीण नाहीच तिथे. पुन्हा त्यांचंच बरोबर.

अडीच वाजले. पुरे.

शुक्रवार

निरोप आला. मुलीमार्फत, पण शब्द व्याह्यांचे दिसतात. रायफलीवर आधीपासून एक स्कोप बसवलेला आहे, जुना, चार पटींचा, पट न बदलणारा, ४×३२. जावयानं पहिलं हरीण त्यातूनच मारलं होतं. पण पुण्याच्या आजोबांच्या मते नवा बरा असेल तर नवाच आणू, त्यांना यातलं जास्त कळतं.

इतकी नम्रता मला सहन होत नाही. वही काढली. खोट काढायलाच बसलो होतो.

३२ भागिले ४. आठ.

पुन्हा केला. बत्तीस भागिले चार पुन्हा करावा लागतो का? पण केला. सात मिलिमीटरच्या बाहुलीला आठचा ठिपका. डोकं जरा इकडेतिकडे झालं तरी चित्र काळं पडणार नाही. पट बदलायचीच नाही, म्हणजे ऐन वेळी पोरगं नऊवर ठेवून झाडोऱ्यात हरीण हुडकत बसलंय असं होणार नाही. पट जितकी जास्त तितकं रान कमी दिसतं. दाट झाडीत शंभर यार्डांच्या आतच काय ते होणार, तिथे चार पट भरपूर. आतली फुलीही जुनीच, कडेला जाड आणि मध्याशी बारीक. अंधुक उजेडात बारीक रेघ हरवते, पण जाड रेघा डोळ्याला मध्याकडे नेतात. वजन कमी.

मग काचेवरच्या लेपाला धरून बसलो. नुसत्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून चार टक्के उजेड परत फिरतो. झाइस या जर्मन भिंगांच्या कंपनीत स्माकुलानं १९३५ मध्ये लेपाची युक्ती काढली, त्या एकपदरी लेपानं तो दीड टक्क्याच्या आसपास येतो आणि आताच्या अनेकपदरी लेपांनी अर्ध्या टक्क्यावर. दहा पृष्ठभाग धरले तर जुन्या नळीतून ८६ टक्के उजेड पोचेल, नव्यातून ९५. सापडला की फरक! चांगलाच चढलो मी. मग पहाटेच्या संधिप्रकाशाचा हिशोब मांडला. सूर्योदयाआधीच्या अर्ध्या तासात उजेड शंभरपटीच्या आसपास वाढतो. म्हणजे ते नऊ टक्के भरून यायला एक मिनिटसुद्धा लागत नाही.

नव्या स्कोपचा सगळा फायदा, एक मिनिट. मचाणावर एक मिनिट गप्प बसायचं, झालं. आणि गप्प बसायला शिकवायला तिकडे माणूस आहेच.

हसू आलं. एकट्यानंच हसतोय म्हणून ही बाहेर येऊन बघून गेली.

व्याह्यांनी जन्मात हा भागाकार केला नसेल. बोचतं, पण परवा रात्री जसं बोचत होतं तसं नाही. "आहे तोच ठेवा, याहून चांगला मला सुचत नाही," एवढं लिहायला मी चहा गार केला. मग त्याखाली लिहिलं की स्कोप रायफलीवर घट्ट आहे ना बघा, जुन्या कड्यांचे स्क्रू ढिले होतात, आणि हंगामाआधी कागदावर गोळ्या झाडून नेम तपासल्याशिवाय रानात जाऊ नका. ते त्यांना माहीत असणारच. तरी लिहिलं.

अर्ध्या तासात नातवाचा निरोप. आभार वगैरे काही नाही. "देन विच बायनॉक्युलर्स?"

हं. आता कसं.

७×५० की ८×४२? ५० भागिले ७, सात, बाहुलीला तंतोतंत. ४२ भागिले ८, सव्वापाच. हिशोबानं सात-पन्नासच. पण ते धूड त्या मानेवर दिवसभर, जाडजूड जाकिटावर? आणि एक आठवलं. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारे बघायला गेलो होतो, तेव्हा माझी जुनी ८×४२ त्यानं गळ्यातून काढू दिली नव्हती. परतताना जीपमध्ये झोपला तरी पट्टा मुठीत. एक चिंकारा थांबून आमच्याकडे बघत होता तर म्हणाला, "आजोबा, हळू श्वास घे." मला! हे त्याच मुक्कामातलं, चंद्राच्या मागेपुढचं. मंगळवारी मला नेमका उलटा चंद्रच तेवढा आठवत होता. माणूस रुसायचं ठरवून बसला की पुरावेही तसेच गोळा करतो.

तर ८×४२. आत नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी, नाहीतर उबदार गाडीतून थंडीत नेली की काचांना आतून दव धरेल. ह्या दुर्बिणीत कृत्तिका अख्ख्या मावतात आणि काळोखी रात्र असेल तर देवयानी दीर्घिकाही दिसते. हे कारण कळवलेलं नाही. मचाणावर पहाटे अर्धा तास नुसतं बसायचं असतं, आणि बघायला बंदी फक्त स्कोपमधून आहे.

मुलीला बजावलं, पैसे मी देणार, वाद नको. ती म्हणाली, बाबा, इकडे घेते मी, तुम्ही कशाला पाठवताय, बँकेत किती कटकट असते. असू दे. रायफल त्यांची, मचाण त्यांचं, दुर्बीण मी घेणार. परदेशी पैसे पाठवायच्या अर्जावर कारणाचा रकाना असतो. ही म्हणाली, "हरीण लिहू नका म्हणजे झालं." 'नातवाला भेट' लिहीन. सोमवारी सकाळीच जातो, पेन्शनवाल्यांची रांग लागायच्या आत.