फिंगर सँडविच: काकडीचं पाणी अखेर आटोक्यात

मंडळी, जमलं. दुपारच्या इंग्लिश चहासोबतच्या फिंगर सँडविचमध्ये, म्हणजे कडा काढून बोटाएवढ्या कापलेल्या सँडविचमध्ये, काकडीच्या पाण्याने ब्रेड ओला व्हायचा, ते आता थांबलंय. दुपारी एकच्या सुमारास भरून ठेवलेली काकडीची सँडविचेस चार वाजता स्टँडच्या खालच्या ताटलीत मांडली. पाहुण्यांचा दुसरा कप होईस्तोवर थांबले आणि एक उचलून उघडलं. लोण्याचा थर जागच्या जागी, ब्रेडला ओल नाही, काकडी दाताखाली कुरकुरते आहे. आमच्या शेजारच्या बाई ऐंशीच्या पुढच्या, जन्म इंग्लंडातला, लहानपणापासून हे सँडविच खात आलेल्या. त्यांची सवय म्हणजे खाण्याआधी वरची स्लाइस नखाने किंचित उचलून आत डोकवायचं. डोकावल्या, काही बोलल्या नाहीत, आणि दुसरं घेतलं. मला एवढं पुरे होतं.

बाकीच्या भरणांचं आधी भराभर सांगते. बीट आणि क्रीम चीज पक्कं झालंय, आता त्याला हात लावणार नाही. बीट उकडायचं नाही, सालासकट भाजायचं, चकत्या टिपून कोरड्या करायच्या, आणि क्रीम चीज दोन्ही स्लाइसना लावायचं, म्हणजे ब्रेड गुलाबी होत नाही. चिजात चमचाभर हॉर्सरॅडिश, म्हणजे मोहरीसारखं झणझणीत एक मूळ. वॉटरक्रेस ही तिखट पानांची भाजीही छान चाललीय. इंग्लंडातल्या हॅम्पशरमध्ये ऑल्सफर्डच्या आसपास खडूच्या डोंगरातल्या झऱ्यांच्या वाहत्या पाण्यात ते पिकवतात. तिकडची जुडी मिळाली तर दुसरी घेऊच नका, तिखटपणा वेगळाच. जाड देठं काढायची, पानं सॅलड स्पिनरमध्ये फिरवून कोरडी करायची आणि बारीक चिरून लोण्यातच कालवायची.

आता काकडी. काकडीत जवळपास 95 टक्के पाणी, त्यामुळे तिला पाणी सुटणारच. चकत्यांना मीठ लावा, वीस मिनिटं निथळू द्या, टिपा, लोणी कडेपर्यंत लावा, हे आपण सगळे करतोच. तरीही दोन तासांनी कडा ओल्या का होतात, हा माझा प्रश्न होता. म्हणून या खेपेला ब्रेड तोच, काकडी तीच ठेवली आणि एका वेळी एकच गोष्ट बदलत गेले.

पहिला धागा लोण्याचा सापडला. मी नेहमीचं खारं लोणी वापरत होते, इथे बहुतेक घरांत तेच असतं. लोण्यात साधारण 80 टक्के स्निग्धांश आणि 16 टक्के पाणी. मीठ स्निग्धांशात विरघळत नाही, ते सगळं त्या थोड्याशा पाण्यात असतं. वेष्टनावर दीड-पावणेदोन टक्के मीठ लिहिलेलं असलं तरी लोण्यातल्या पाण्याच्या थेंबांपुरता हिशोब केला तर ते दहा टक्क्यांच्या आसपासचं खारवणाचं पाणी झालं. काकडी त्याला तासन् तास चिकटून बसते आणि ते तिच्यातलं पाणी ओढत राहतं. बिनमिठाचं लोणी घेतल्यावर फरक लगेच दिसला. आता मीठ फक्त काकडीला, तेही मोजून, वजनाच्या एक टक्का. 200 ग्रॅम चकत्यांना 2 ग्रॅम. आणि बारीक मीठ. माल्डन मिठाचे पापुद्रे टोमॅटोवर शेवटी भुरभुरायला सुंदर, पण चकत्यांवर ते सारखे पसरत नाहीत.

तेल घातलेलं, फ्रीजमधून काढल्या काढल्या पसरणारं लोणी यासाठी अजिबात घेऊ नका. थंड केलं तरी ते घट्ट होत नाही आणि आपल्याला हवी आहे भिंत. साधं लोणी वीसेक अंशांना मऊ होऊ द्यायचं. वितळवायचं मात्र नाही, वितळलेलं लोणी ब्रेडच्या जाळीत झिरपतं आणि वर थरच उरत नाही. लोणी लावलेल्या स्लाइस ट्रेमध्ये सुट्या मांडून दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायच्या. थर बोटाला टणक लागला की मगच काकडी. सगळ्यांत जास्त फरक कशाने पडला असं कुणी विचारलं तर मी या दहा मिनिटांचं नाव घेईन. भरलेली सँडविचेस मात्र फ्रीजमध्ये तासन् तास नकोत, त्या तापमानाला ब्रेडमधला स्टार्च सगळ्यांत लवकर कडक होतो. घरातली थंड जागा बघायची.

टिपण्याबद्दल. आईशी फोनवर बोलताना ती म्हणाली, "अगं, खमंग काकडीला चोचवलेली काकडी पिळतेस ना, तशी पीळ की." चकत्या पिळल्या तर मोडतात, पण दाब हवा हे तिचं बरोबर होतं. नुसतं टिपून पुरत नव्हतं. आता चहाच्या टॉवेलवर चकत्या एकेरी मांडते, वर दुसरा टॉवेल, त्यावर पोळपाट, आणि पोळपाटावर दगडी खलबत्ता. पंधरा मिनिटांनी टॉवेल उचलला की प्रत्येक चकतीचं ओलं वर्तुळ कापडावर उमटलेलं असतं आणि चकती बोटावर वाकते, तुटत नाही. निथळणं आणि दाबणं धरून 200 ग्रॅममागे तीसेक ग्रॅम पाणी निघतं. पांढरी मिरपूड यानंतर. व्हिनेगर मी बंद केलंय. आंबटपणासाठी लिंबाची साल किसून लोण्यात घालते, वास येतो आणि ओल येत नाही.

चकतीची जाडी दीड ते दोन मिलिमीटर. त्याहून पातळ केली तर मिठाने चिंधी होते. बेनरायनरच्या किसणीवर जाडी अचूक राहते, पातं जपानी आणि धारदार, बोटं सांभाळा.

ओल्या फडक्याचाही इथे हात होता. सँडविचेस ओल्या फडक्याने झाका असं सगळीकडे सांगतात, आणि ब्रेड वाळू नये म्हणून ते बरोबरच आहे. पण फडकं थेट ब्रेडला लागलं की वरची स्लाइस तेच पाणी पिते. आधी ग्रीसप्रूफ कागद, त्यावर घट्ट पिळलेलं फडकं. एवढंच.

हे सगळं करूनही एका जागी किंचित ओल राहिली आहे: कापलेल्या कडेला. पार मधे उघडलं तर कोरडं ठणठणीत, कडेला बोट लावलं तर गार. म्हणजे पाणी लोण्यातून येत नाही. बोटांचे तुकडे पाडताना सुरी चकत्यांमधून आरपार जाते, काकडी ताजी कापली जाते आणि तिथलं पाणी थेट शेजारच्या ब्रेडला लागतं. लांब दात्यांची सुरी, प्रत्येक कापानंतर पुसलेली, आणि भरून झाल्यावरच कडा काढणं, या तिन्हींनी ते कमी झालं, गेलं नाही.

आणि हे लिहिता लिहिता आता सुचतंय: गोल चकत्या कशाला? काकडी लांबीने सोलायची. इथल्या लांब काकडीतून सात-आठ सेंटिमीटरचा तुकडा घेतला तर बोटाएवढ्याच, अडीचेक सेंटिमीटर रुंद पट्ट्या निघतील. बिया लागल्या की थांबायचं आणि काकडी फिरवून दुसऱ्या बाजूने सुरू करायचं, म्हणजे सगळ्यांत पाणीदार गाभा बाजूलाच राहील. पट्ट्या शेजारी शेजारी मांडल्या की सुरी दोन पट्ट्यांच्या मधून जाईल, काकडी कापलीच जाणार नाही. उरलेल्या गाभ्याची कोशिंबीर. पुढच्या शनिवारी टोमॅटोचं भरण करून बघणार होते, ते मागे ठेवते. आधी हे.

ब्रेडबद्दल. दुकानातला मऊ पांढरा ब्रेड 1961 साली निघालेल्या चॉर्लीवुड पद्धतीचा, म्हणजे पीठ यंत्रात वेगाने मळून झटपट केलेला, सुरीखाली चेपतो. बेकरीतला टिन लोफ, आदल्या दिवशीचा, पातळ कापून घेतलेला, हाच उत्तम. घरी चौकोनी लोफ भाजावा म्हणून झाकणाचा पुलमन टिन ऑनलाइन मागवला होता. झाकण खाचेत सरकेना, परत पाठवला, पैसे अजून आलेले नाहीत. तेव्हा सध्या बेकरीच.

भरण एवढं कमी का, बटाटा आणि चटणी का नाही, असं विचारणाऱ्यांसाठी: बॉम्बे सँडविच मलाही प्रिय आहे, पण ते पोटभरीचं. हा दुपारचा चहा 1840च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस अ‍ॅना यांच्यामुळे रुजला असं सांगतात. रात्रीचं जेवण आठच्या पुढे गेलं होतं आणि मधली भूक भागवायची होती. तेव्हा दोन घासांत संपेल, हात खराब होणार नाही आणि जेवणाची भूक मरणार नाही, एवढंच त्या सँडविचकडून अपेक्षित. आपल्याकडची हॉटेलं याला 'हाय टी' म्हणतात ते मला खटकतं. हाय टी म्हणजे कामकरी घरातलं संध्याकाळचं गरम जेवण, जेवणाच्या टेबलावरचं.

अजून एक बदल. इंग्लंडातल्या एव्हशमच्या अ‍ॅस्परॅगसचा (शतावरीच्या जातीचे कोवळे कोंब) हंगाम रिवाजाप्रमाणे 23 एप्रिल ते 21 जून, म्हणजे हातात थोडेच दिवस. पट्ट्यांबरोबर त्याच शनिवारी अ‍ॅस्परॅगस रोलही करते. कडा काढलेली स्लाइस लाटण्याने हलकी लाटायची, लोणी लावायचं, उकडलेला कोंब आत ठेवून गुंडाळायचं. कोंबाच्या टोकातच पाणी अडून राहतं, म्हणून उकडल्यावर टोकं खाली करून निथळत ठेवणार आहे. रोल सुटू नये म्हणून कुणी काही वेगळं करत असेल तर शनिवारच्या आत सांगा. मी सध्या जोड खाली ठेवून अर्धा तास कागदात घट्ट गुंडाळून ठेवायचं ठरवलंय.