मग ती आदल्या दिवशी का नाही गेली?

मी मुलांच्या पुस्तकांची संपादक आहे. छपाईआधी हस्तलिखितातली काही प्रकरणं मुलांना वाचून दाखवते. त्या दिवशी वाचन एका बालगृहात होतं. कथा अपघातात आईवडील गमावलेल्या तीन भावंडांची. त्यांना दिशेऐवजी वर्ष दाखवणारं होकायंत्र सापडतं आणि ती थेट एका वेढा पडलेल्या किल्ल्यात जाऊन पोचतात. अधीक्षिकांना कथानक आधीच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "वाचा. या मुलांपासून मरण लपवून काय मिळणार?"

किल्ल्याचा दरवाजा पडतो तिथवर आले आणि धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसलेल्या मुलीनं मधेच थांबवलं. "हवं ते वर्ष लावता येतं ना? मग ती अपघाताच्या आदल्या दिवशी का नाही गेली?"

उत्तर न देता मी विचारलं, "तू काय केलं असतंस?"

"गाडीची किल्ली लपवली असती."

मागून एक मुलगा म्हणाला, "अगं, पण अपघात झालाच नाही तर ते होकायंत्र सापडणारच नाही. मग जाणार कशी?" कालप्रवासाचा एक जुना पेच त्यानं एका दमात मांडला होता. वाद चांगलाच रंगला. ती मुलगी मात्र हटली नाही. "नाही जमलं तरी चालेल. पण त्यांनी जाऊन बघितलं, असं गोष्टीत पाहिजे."

संध्याकाळी लेखकाला फोन करून मुलीचं म्हणणं सांगितलं, तसं प्रकरण घाला म्हटलं. त्यांना ते पटेना. या प्रकारच्या कथांत आईवडील नसतात ते मुलांना अडवणारं कुणी नको म्हणून, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. दाखल्याला त्यांनी १९०८ सालचं इंग्रज लेखिका ई. नेस्बिट यांचं 'द हाउस ऑफ आर्डेन' काढलं. त्यातली बहीणभाऊ जुने कपडे अंगावर चढवून मागच्या काळात जातात, आणि शेवटी वडील परत मिळतात. "तेवढं सुख मुलांना द्यायला काय हरकत आहे?"

पण ते वडील मेलेलेच नव्हते, मेल्याची नुसती समजूत होती. आपल्या कथेतले आईवडील खरोखर गेलेत. ज्या मुलांनी हे सोसलंय त्यांच्या मनात पहिला प्रश्न हाच येणार, आणि पुस्तकानं तो टाळला तर पुढचे सगळे किल्ले आणि लढाया त्यांच्या लेखी खोट्या. मी हे बरंच लावून धरलं. लेखक बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "रडतील हो मुलं."

"रडू देत," मी म्हटलं.

नवं प्रकरण आलंय. थोरली एकटीच आदल्या दिवशी जाते, किल्ली लपवते. वडील दुसरी किल्ली काढतात. मग ती आईला डोक्याला तेल लावून मागते आणि पूर्ण संध्याकाळ तिथंच बसून राहते. यातला एक शब्दही मी बदललेला नाही. पुढच्या वाचनाला लेखकच येणार आहेत.