राज्ये नव्हे, प्रतिनिधी मोजावेत

२००८ सालच्या जानेवारीत अमेरिकेतील डेमोक्रॅटिक पक्षात राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीची चुरस सुरू झाली, तेव्हा मी एका वहीत सगळ्या राज्यांची यादी केली होती आणि प्रत्येक निकालानंतर त्या त्या राज्यापुढे विजेत्याचे नाव लिहीत असे. ३ जानेवारीला बराक ओबामांनी आयोवा जिंकले, पाच दिवसांनी हिलरी क्लिंटन यांनी न्यू हॅम्पशायर जिंकले, आणि एवढा हिशेब मला पुरेसा वाटत होता. नेवाडाने तो मोडला. तिथे पाठिंबा अधिक मिळाला तो क्लिंटन यांना, परंतु राष्ट्रीय अधिवेशनाचे १३ प्रतिनिधी ओबामांच्या आणि १२ क्लिंटन यांच्या वाट्याला येतील, असा आकडा बातम्यांत आला. आधी मला ती छपाईची चूक वाटली.

चूक माझ्या समजुतीत होती. मतदार प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठीच्या मतदानात, उमेदवाराच्या नावापुढे खूण करत असला, तरी त्या मतांतून प्रत्यक्षात ठरते ते पक्षाच्या अधिवेशनात कोणाचे किती प्रतिनिधी बसतील हे. उमेदवारी ज्याच्याकडे अशा प्रतिनिधींचे बहुमत असेल त्याची. डेमोक्रॅटिक पक्षात किमान १५ टक्के मते मिळवणाऱ्यांमध्ये हे प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जातात आणि त्यांतील बहुतेकांची वाटणी राज्यभराच्या मतांवर न होता मतदारसंघनिहाय होते. खरी गंमत इथेच आहे. ज्या मतदारसंघाला चार प्रतिनिधी आहेत, तिथे दुरंगी लढतीत ६० विरुद्ध ४० टक्के असा दणदणीत विजय मिळाला तरी वाटणी दोन-दोनच होते, कारण तिसरा प्रतिनिधी मिळण्यासाठी साडेबासष्ट टक्क्यांच्या पुढे जावे लागते. याउलट तीन प्रतिनिधींच्या मतदारसंघात निसटती आघाडीदेखील दोनास एक अशी वाटणी मिळवून देते. नेवाडात विषम संख्येच्या अशाच एका मतदारसंघात ओबामा पुढे होते.

५ फेब्रुवारीच्या ‘सुपर ट्यूसडे’ला, म्हणजे एकाच मंगळवारी अनेक राज्यांत मतदान झाले त्या दिवशी, हे गणित त्यांच्या प्रचारयंत्रणेला किती पक्के उमगले होते ते दिसले. न्यू जर्सीत दहा लाखांहून अधिक मतदान झाले, क्लिंटन तिथे सुमारे दहा टक्क्यांनी जिंकल्या आणि त्यांना ११ प्रतिनिधींची आघाडी मिळाली. आयडाहोत कॉकस होता, म्हणजे ठरलेल्या वेळी प्रत्यक्ष सभेला जाऊन पाठिंबा नोंदवायचा. त्याला जेमतेम एकवीस हजार माणसे आली, पण ओबामांनी १५ विरुद्ध ३ अशी बाजी मारली आणि १२ प्रतिनिधींची आघाडी घेतली. ज्या छोट्या राज्याकडे प्रतिस्पर्ध्याने जवळजवळ पाठ फिरवली होती, त्याने न्यू जर्सीतील पराभव भरून काढून वर एक प्रतिनिधी दिला. (रिपब्लिकन पक्षाच्या नियमाप्रमाणे न्यू जर्सीत पहिल्या क्रमांकाला सगळेच प्रतिनिधी मिळत, त्या पक्षात जॉन मॅकेन यांची उमेदवारी मार्चच्या सुरुवातीलाच निश्चित झाली, हा काही योगायोग नव्हे.)

मला न पटलेली गोष्ट वेगळी होती. फ्लोरिडा आणि मिशिगन यांनी पक्षाने ठरवलेल्या तारखेआधी मतदान घेतले म्हणून त्यांचे प्रतिनिधी रद्द झाले. मिशिगनच्या मतपत्रिकेवर तर ओबामांचे नावच नव्हते. अखेर ३१ मे रोजी पक्षाच्या नियम समितीने दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधींना अर्धे मत दिले आणि बहुमताचा आकडा २,११८ झाला. शर्यत जवळजवळ संपत आली असताना विजयरेषा हलवणारा हा निर्णय कायद्याने नव्हे, पक्षाने घेतला, कारण उमेदवार निवडण्याच्या या पद्धतीचा अमेरिकेच्या राज्यघटनेत उल्लेखच नाही. शिवाय मतदारांच्या कौलाला बांधील नसलेले सुमारे ८०० ‘सुपरडेलिगेट’ होते, आणि त्यांच्याशिवाय दोघांपैकी कोणालाच बहुमत गाठता येत नव्हते. २०१८ मध्ये पक्षाने नियम बदलला. आता चुरशीच्या लढतीत त्यांना अधिवेशनातील मतदानाच्या पहिल्या फेरीत मत देता येत नाही.

३ जूनला शेवटच्या दोन राज्यांत मतदान झाले. मोंटाना ओबामांनी जिंकले, साउथ डकोटा क्लिंटन यांनी. वहीत मी साउथ डकोटापुढे त्यांचे नाव लिहिले. त्याच रात्री ओबामांनी २,११८ चा टप्पा ओलांडला होता.