मंदीत घरं बांधताना : आमची वाटचाल

दापोली तालुक्यात आमचा बांधकामाचा छोटा व्यवसाय आहे. वडील गवंडी. चिरा म्हणजे जांभा दगड कसा घडवायचा, ओळंबा कसा धरायचा हे त्यांच्या हाताखाली शिकलो आणि २००९ साली धाकट्या भावाला सोबत घेऊन स्वतः कामं घ्यायला लागलो. सुरुवातीची वर्षं पोटठेक्यावर गेली. मुंबई-पुण्याच्या लोकांना समुद्राजवळ दुसरं घर हवं होतं, फ्लॅट आणि रो-हाउसच्या स्कीम उभ्या राहत होत्या, कामाला तोटा नव्हता.

८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली आणि बुकिंगला येणारी माणसं बंद झाली. पाठोपाठ मे २०१७ पासून रेरा, म्हणजे बिल्डरांना नियम घालणारा कायदा, आणि जुलैपासून जीएसटी. रेरा हवाच होता, घर घेणाऱ्याला त्याने आधार दिला. पण एका इमारतीचे पैसे दुसरीत फिरवणाऱ्यांची कामं जिथल्या तिथे थांबली. २०१८ च्या शेवटाला गृहवित्त कंपन्यांनीही हात आखडता घेतला. तयार फ्लॅटना कुलपं आणि आमची बिलं अडकलेली. गवंड्यांची मजुरी काही थांबवता येत नाही, त्यांची चूल त्यावर असते. भावाने टेम्पो विकून ती भागवली.

तेव्हा दोघांनी बसून ठरवलं, विकण्यासाठीची घरं बांधायची नाहीत. ज्याला स्वतः राहायचंय, त्याचं घर त्याच्या जागेत बांधून द्यायचं. बाजार मंद असला तरी गावाकडे घर बांधायची इच्छा मंदावत नाही, हे आम्हाला रोज दिसत होतं. अडायचं ते पैशावर. मुंबईतून निवृत्त होऊन आलेले एक काका आमच्याकडे आले. सातबारा सामाईक, चुलत्यांची नावं लागलेली. चुलत्यांची हरकत नव्हती, पण बँक कर्ज देईना. म्हणाले, "माझ्याकडे आहेत ते एवढेच पैसे. घर होईल का?" मी म्हटलं, "काका, यंदा जोतं होईल. पुढच्या वर्षी भिंती. नड येईल तिथे थांबू." तिथून आमची पद्धत ठरून गेली.

सामान मालकाने घ्यायचं, आम्ही मजुरीवर काम करायचं. स्वतंत्र एकट्या घराच्या निव्वळ मजुरीच्या कामावर जीएसटी लागत नाही. सामानासकट ठेका दिला तर लागतो. मालकाच्या खिशाला हा फरक मोठा असतो आणि आपण काय घेतलं, कितीला घेतलं, हे त्याला कळतं.

टप्प्याटप्प्याने बांधलं की घर कच्चं राहतं, असं काहींना वाटतं. कोकणात मात्र ते फायद्याचं आहे. जोत्यात भरलेली माती एक पावसाळा खाऊन बसली की वर घातलेली लादी पुढे खचत नाही. दसऱ्यानंतर चिरा लावायला घ्यायचा आणि स्लॅब शिमग्याच्या आत ओतायचा. त्यानंतर विहिरी तळाला जायला लागतात आणि स्लॅब पक्का व्हावा म्हणून वर आळी करून पाणी साठवायचं तर ते आणायचं कुठून? टँकरच्या पाण्यावर हात आखडतो आणि स्लॅबला तडे जातात.

चिऱ्यात आम्ही तडजोड करत नाही. खाणीतून ताजा निघालेला चिरा मऊ असतो, हवा लागेल तसा कठीण होत जातो. म्हणून तो आधी आणून रचून ठेवायला सांगतो. लावताना प्रत्येक चिरा हातोडीने वाजवून घेतात. खणखणीत वाजला तर भिंतीत. भोकांत पिवळी-पांढरी माती भरलेली असेल तर बाजूला. तसला चिरा पावसाच्या अंगाला लावला की दोन-तीन वर्षांत आत ओल दिसते. पाऊस नैर्ऋत्येकडून मारतो, म्हणून त्या अंगाला पडवी आणि पागोळ्या भिंतीपासून लांब. बाहेरून गिलावा नको असेल तर दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांधी, खोल भरायच्या. खाडीची रेती आम्ही वापरत नाही, दगड फोडून केलेली क्रश सँडच. सळई काँक्रीटच्या आत झाकलेली राहावी म्हणून तिच्याखाली छोटे ठोकळे (कव्हर ब्लॉक) बसवल्याशिवाय काँक्रीट पडू देत नाही, कारण खारी हवा आधी लोखंडच खाते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडात छपरं उडाली, माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. लॉकडाउनमुळे चाकरमानी गावातच होते, त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. मग जो तो सपाट स्लॅब मागू लागला. भीती खरी होती, पण सपाट स्लॅब आपल्या पावसात गळतो आणि मे महिन्यात खाली बसवत नाही. आम्ही उतरता स्लॅब घालून वर मंगलोरी कौलं बसवण्याचा आग्रह धरला. खर्च वाढतो हे खरं, पण वाऱ्याला जुमानत नाही आणि घर कोकणातलं दिसतं. आज आमची बहुतेक घरं तशीच आहेत.

२०२१-२२ मध्ये लोखंड भडकलं तेव्हाही टप्प्यांनीच तारलं. ज्यांचं जोतं झालं होतं ते थांबले, भाव उतरल्यावर पुढे गेले. सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याचाही दिलासा आहे. अडचण आता चिरा लावणाऱ्या गवंड्यांची आहे. ब्लॉक लावणारे पुष्कळ मिळतात, चिऱ्याचा कोपरा साधणारे कमी. म्हणून शिमग्याआधी स्लॅबपर्यंत नेता येतील तेवढीच घरं एका हंगामात घेतो. बाकीच्यांना सांगतो, मोजणी करून घ्या, हिस्सेदारांच्या संमत्या कागदावर आणा, जमलं तर यंदा जोतं करून ठेवा. भिंतींना पुढच्या दसऱ्यानंतर हात लावू.