वाड्याची तुळई, नोंद 3: खिळे, सुटलेला सांधा आणि लेबलावर काय लिहायचं

माल मागच्या नोंदींतला तोच: पुण्यातल्या एका पेठेत पुनर्विकासासाठी उतरवलेल्या वाड्याची सागवानी तुळई. लांबी साडेसात फूट, जाडी 6 × 5 इंच, म्हणजे दीड घनफुटाला जरा वर आणि वजन 30 किलोच्या आसपास. यातून घरच्या आठ वारसांना एकेक पेन, चार फोटोच्या चौकटी आणि दोन चौरंग काढायचे आहेत. कागदावर हिशेब सोपा वाटतो. प्रत्यक्षात निम्मं लाकूडसुद्धा हाती लागत नाही, हे आधीच धरून चाला.

पहिली काट टोकांची. तुळईची टोकं भिंतीत गेलेली असतात आणि छप्पर गळायला लागलं की पाणी मुरतं ते तिथेच. एका टोकाला 10 इंच, दुसऱ्याला 14 इंच सोडून द्यावे लागले. वरून लाकूड ठणठणीत दिसत होतं, पण पेचकस टोचला तर सहज अर्धा इंच आत गेला. गाभ्याच्या सागाला वाळवी किंवा घुण (लाकूड पोखरणारे भुंगे) सहसा लागत नाही, कडेच्या पांढऱ्या लाकडाला मात्र लागतात. भुश्याच्या बारीक ढिगल्या आणि टाचणीएवढी भोकं ही घुणाची खूण, ती दिसली की तो भाग वेगळा काढा, बाकीच्या लाकडाशेजारी ठेवू नका. उरलेल्या साडेपाच फुटांचे 22 इंचांचे तीन तुकडे केले.

खिळे. जुन्या लाकडात खरी डोकेदुखी हीच. हातात धरायचा मेटल डिटेक्टर चारही बाजूंनी फिरवून 23 खिळे सापडले, तरी चार सुटले आणि त्यातल्या एकानं बँडसॉचं पातं खाल्लं. चूक अशी झाली, की डिटेक्टर फिरवला तो चुन्याचा गिलावा खरवडण्याआधी. गिलाव्याच्या थरामुळे तो लाकडापासून अर्धा-पाऊण इंच लांब राहिला आणि डोकं तुटून खोल बसलेले खिळे त्याच्या टप्प्यात आले नाहीत. आता क्रम असा: तारेच्या ब्रशनं चुना-माती काढायची, मग डिटेक्टर, मग खिळे उपटायचे, मग पुन्हा डिटेक्टर. प्रत्येक उभ्या कापानंतरही नव्या पृष्ठभागावरून एकदा फिरवायचा. खिळा अंबुरानं (खिळे उपटायच्या पकडीनं) हलत नसेल तर ओढाताण करू नका, डोकं तुटतं. पातळ नळीचं एक टोक दातेरी कापून ती ड्रिलला लावा, खिळ्याभोवतीचं लाकूड कोरून घ्या आणि खिळा दांडीसकट बाहेर काढा. त्या भोकात त्याच तुळईची गोल खुंटी ठोकायची.

उपटलेले खिळे फेकू नका, ते बरंच काही सांगतात. या तुळईत दोन जाती निघाल्या. वरच्या बाजूला, कड्या (तुळईवर टेकणारी आडवी लाकडं) बसत तिथे, चौकोनी अंगाचे, टोकाकडे निमुळते, लोहारानं घडवलेले खिळे. एका बाजूला मात्र साधारण फूट-फूट अंतरावर गोल तारेचे खिळे, सरळ रेषेत. ती विजेच्या वायरिंगची लाकडी पट्टी होती, म्हणजे वीज घरात आल्यानंतरचं काम. तारेचे खिळे आपल्याकडे इंग्रजी अमदानीच्या उत्तरार्धात रुळले, त्यामुळे मूळ सांध्यातच गोल खिळे निघाले तर तुळई फार जुनी सांगू नये. तसंच पृष्ठभागाचं. वाकसानं (लाकूड तासायच्या आडव्या पात्याच्या हत्यारानं) तासलेल्या बाजूवर उथळ, एकाआड एक वाट्या पडलेल्या दिसतात. तिरका उजेड टाकला की बोटाला लागतात तशा डोळ्यालाही दिसतात. यंत्राच्या गोल करवतीच्या खुणा कमानदार असतात. या तुळईच्या तीन बाजू तासलेल्या आहेत, चौथीवर हातकरवतीचे किंचित तिरके, असमान ओरखडे आहेत.

म्हणून रंधा लावण्याआधी चारही बाजूंचे फोटो, मापपट्टी शेजारी ठेवून. एकदा रंधा फिरला की पुरावा गेला. लेबलावर काय लिहायचं ते यावरच ठरतं. शनिवारवाड्यासाठी (पायाभरणी 1730) जुन्नरच्या जंगलातून साग आणला असं सांगितलं जातं, त्यामुळे पेठांतल्या प्रत्येक तुळईवर ‘पेशवेकालीन, जुन्नरचा साग’ लिहायला लोक टपलेले असतात. आणि खुद्द शनिवारवाड्याचं लाकूड म्हणून कुणी विकत असेल तर 1828 ची आग आठवा. लाकडी मजले त्यात जळून गेले. आपल्या चौरंगाखाली पायरोग्राफीनं (तापलेल्या टोकानं लाकूड जाळून लिहून) इतकंच येईल: पेठेचं नाव, ‘माजघराची तुळई, हातानं तासलेली’ आणि वाडा उतरवल्याचं वर्ष. माजघराची हे नक्की, कारण उतरवताना खडूनं आकडे घातले होते.

कोरीव कामाला हात लावू नये, हे आमचं ठाम मत. केळफूल (केळफुलाच्या आकाराचं कोरीव लोंबतं टोक), हस्त (खांबाचा कोरीव आधार), महिरपीचा तुकडा हे कापून कीचेन करणं म्हणजे चांदीची वाटी वितळवून चमचा करणं. शिवाय 1972 चा पुरावशेष कायदा आहे. 100 वर्षं किंवा त्याहून जुनी, इमारतीपासून सुटी झालेली वस्तू त्याच्या व्याख्येत येते आणि असा ऐवज खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या पुतण्याला केळफूल पाठवायचा बेत असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करा.

आता फळ्या. 14 इंची बँडसॉमध्ये 6 इंचांची उंची काठोकाठ बसते. 5 इंचांच्या जाडीतून 20 मिलिमीटरच्या पाच फळ्या निघतात, प्रत्येक कापाला 3 मिलिमीटर भुसा जातो. मधल्या फळीत मगज (खोडाचा मऊ मध्य) आणि त्याच्याभोवती चिरा, तिच्यातून फक्त पेनांचे तुकडे काढा. दोन्ही बाहेरच्या फळ्यांची तासलेली बाजू तशीच ठेवायची, चौकटींना तीच दर्शनी. सागात सिलिका असते, त्यामुळे साधं पातं पाचव्या-सहाव्या कापाला वाकडं चालायला लागतं. ते ढकलत बसू नका, पातं बदला. फळ्या पट्ट्या घालून पंख्याखाली पाच आठवडे रचल्या होत्या, कारण तुळई एक पावसाळा उघड्यावर पडली होती. सुरुवातीला ओल मोजायच्या मीटरवर 18 टक्के, आता 11. जुनं लाकूड आता हलत नाही या समजुतीत राहू नका. पाणी प्यायलं की तेही फुगतं.

चौरंग 9 × 9 इंचांचा, म्हणून दोन फळ्या जोडून. पहिला जोड चौथ्या दिवशी सुटला, नखानं उघडला. दोन्ही कडांवर गोंदाची चकचकीत पापडी तशीच होती, लाकडाचा एक तंतू तिला चिकटलेला नव्हता. कारण सागाचं तेल. रंधा मारून दोन दिवस ठेवलेल्या कडेवर ते वर येतं आणि पांढरा गोंद धरत नाही. दुसऱ्यांदा कड ताजी रंधली, ॲसिटोननं पुसली, फडक्यावरचा पिवळा रंग जाईपर्यंत, आणि 15 मिनिटांच्या आत गोंद लावून शिकंजे आवळले, 24 तास. तो जोड मुद्दाम तोडून पाहिला तर लाकूड फाटलं, गोंद नाही.

खालच्या आडव्या पट्ट्या मात्र चिकटवायच्या नाहीत. सागाच्या रुंदीत दर एक टक्का ओलीला साधारण 0.2 टक्के फरक पडतो. 9 इंचांवर, उन्हाळा ते पावसाळा पाच टक्के धरले, तर सव्वादोन मिलिमीटर. पट्टी चिकटवली तर ते जायला वाट नाही, फळी मधून तडकते. मधला स्क्रू घट्ट, कडेचे दोन लांबट भोकांत.

पेनांचं थोडक्यात. तुकडा 20 × 20 × 130 मिलिमीटर, 7 मिलिमीटरची पितळी नळी. भोक पाडताना दर सेंटिमीटरला ड्रिल बाहेर काढा. भुसा आत कोंबला की तापतो आणि तुकडा शेवटच्या अर्ध्या इंचात उभा चिरतो. आठ पेनांसाठी अकरा तुकडे लागले. लेथची पटाशी दर दुसऱ्या पेनानंतर धार मागते. खिळ्याजवळचा निळा-काळा डाग ऑक्झॅलिक ॲसिडनं उतरतो, पण पेनावर तो असू द्यावा. आठांपैकी ज्या दोन पेनांवर असा डाग आला, तीच आधी उचलली जाणार बघा.

जुन्या ऑइल पेंटचा थर असेल तर कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. पेंट रिमूव्हर लावून ओलाच खरवडायचा आणि तो कचरा वेगळा बांधायचा. सागाचा भुसाही कित्येकांच्या त्वचेला आणि छातीला सोसत नाही. साध्या रुमालानं भागत नाही, एन-95 लागतोच.

पॉलिश दोन प्रकारचं. चौकटींना चपडा लाख, 120 ग्रॅम एक लिटर स्पिरिटमध्ये, रात्रभर भिजवून गाळलेली, चार पातळ हात. चौरंगाला लाख नको. अभिषेकाचं पाणी सांडलं की पांढरे डाग पडतात. तिथे जवसाचं उकळवलेलं तेल चार भाग, मेण एक भाग, वजनानं, मंद आचेवर दुहेरी भांड्यात. पहिला हात सागात फार शिरत नाही, 20 मिनिटांनी उरलेलं पुसून घ्या, नाहीतर चिकट राहतं. मग रोज एक, असे तीन. तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकू नका, आपोआप पेटतात. दोरीवर पसरून वाळवा.

एका चौरंगावर चाचणी म्हणून ओलं कुंकू तासभर ठेवलं. घासकागद 220 नंबरपर्यंतच (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक) मारलेल्या अर्ध्या भागात रेषांत लाली राहिली, 400 पर्यंत मारलेला अर्धा भाग पुसून साफ निघाला. दोन्ही चौरंग आता 400 ला नेऊन पुन्हा तेलाचे तीन हात. चौकटींचे 45 अंशांचे कोपरे अजून कापायचे आहेत. तासलेली बाजू एका पातळीत नसल्यामुळे कोपऱ्यात दोन सूत (पाव इंच) फरक येतो आहे, तो मागून पाचर देऊन काढायचा की तसाच दिसू द्यायचा, हे पुढच्या नोंदीत.