रतनपूरचा गोटा, खंभातचा मणी

गुजरातेत अंकलेश्वरहून झगडियाच्या बाजूला गेलं की रतनपूर लागतं. जवळच्या टेकडीवर बावा गोर या सिद्दी संताचा दर्गा आहे. अकीक म्हणजे अगेट या दगडाचे कारागीर त्यांना आपला मूळपुरुष मानतात.

इथला कच्चा गोटा मातकट, पिवळट, बटाट्यासारखा. पण तो दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोटातला! लाव्हा थिजताना राहिलेल्या पोकळ्यांत सिलिका थराथरानं साचली, पुढे खडक झिजला आणि गोटे गाळात गाडले गेले. आमच्या मते दागिन्याची आखणी या थरांपासूनच सुरू व्हावी. भोक थरांना काटकोनात पाडलं तर मण्याभोवती कडी दिसतात. थरांना समांतर चकती काढून घुमट दिला तर डोळा उमटतो.

लाली भट्टीत येते. आधी गोटे उन्हात पुरते वाळवायचे, मग मडक्यात भरून गोवऱ्यांच्या मंद धगीत भाजायचे. साधारण ३०० अंशांपुढे पिवळ्या लोहसंयुगातलं पाणी उडतं, त्याचं हेमॅटाइट हे लाल लोहखनिज होतं आणि दगड लालसर दिसू लागतो. ओल राहिली, धग एकदम चढली किंवा मडकं गरम असतानाच उघडलं, तर तडे ठरलेले. रंग फिका वाटला तर पुन्हा भाजतात. ज्यात लोहच नाही, तो गोटा कितीही भाजला तरी लाल होत नाही.

पुढचं काम गुजरातेतल्याच खंभात गावी. जमिनीत तिरक्या रोवलेल्या लोखंडी खिळ्याच्या टोकाला गोटा टेकवून वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीनं ठोकतात. कपची खिळ्याच्या बाजूनं उडते. शिंग मऊ, म्हणून दगड फुटत नाही. भोक पाडायच्या कमानीच्या सामत्याला टोकाशी हिऱ्याच्या दोन कण्या बसवलेल्या असतात. भोक दोन्हीकडून पाडत मध्ये जुळवायचं, कारण एकाच बाजूनं आरपार नेलं की पलीकडे टवका उडतो. हडप्पा काळच्या दगडी सामत्यानं, प्रयोगांत दिसलं त्याप्रमाणे, तासाला जेमतेम २.५ मिलिमीटर भोक पडायचं. त्या काळचे लांब मणी पाहताना हा हिशेब आठवावाच.

घासकाम ओलं होतं का, हे विचारल्याशिवाय खरेदी करू नका. कोरड्या चाकावरची धूळ फुप्फुसांत साचून सिलिकोसिस होतो, आणि चाक घरातच असलं की मुलंबाळंही त्यातून सुटत नाहीत.

मणी उजेडाकडे धरून भोकातून पाहा. मध्ये पायरी दिसली तर दोरा तिथेच झिजेल. कडा धारदार असल्या तर दागिने ओवणाऱ्या पटवेकऱ्याकडून प्रत्येक मण्यानंतर गाठ मारून घ्या, किंवा चांदीच्या टोप्या बसवा.