जरा अडखळू द्या

मोकळ्या हवेत फुल रेस दिलेला चेनसॉ एकदम स्वच्छ, चढ्या सुरात गायला लागला की मला धडकी भरते. बघणारे खूश होतात, ‘काय पळतंय!’ म्हणतात. पण हे इंजिन भार नसताना थोडं अडखळायलाच हवं. आवाज जरा भरडा, फडफडता यावा, आणि साखळी लाकडात शिरली की आपोआप साफ व्हावा.

साखळीच्या ऑइलची टाकी वेगळी असली तरी टू-स्ट्रोक इंजिनाला स्वतःचं ऑइल मिळतं ते पेट्रोलात कालवलेलंच. ५०:१, म्हणजे पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल, लिटरमागे अवघं २० मिली. त्यावर बेअरिंगं, रिंगा, पिस्टन सगळ्यांनी भागवायचं. त्यामुळे मिश्रण लीन झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, की ऑइलही आटतं आणि आतला गारवाही. आणि नेमकं तेव्हाच अडखळणं थांबून इंजिन सगळ्यात जोशात किंचाळतं. शेवटी पिस्टन सिलिंडरला धरतो, जागच्या जागी अडकतो.

म्हणून जुनं मशीन हाती आलं की दोरी ओढायची घाई नको. आधी सायलेन्सर उतरवावा. इथे झडपा नसतात, पिस्टनच दारं उघडतो-मिटतो, त्यामुळे एक्झॉस्टच्या तोंडातून तो थेट दिसतो. अंगावर उभे ओरखडे नसतील तर निम्मी काळजी मिटली. असतील तर नवा पिस्टन आलाच. सिलिंडरचा मुलामा शाबूत असेल तर तो बहुतेक वाचतो. पण लीन का झालं हे न शोधता नवा पिस्टन घालणाऱ्यांना काय म्हणावं? तोही त्याच वाटेने जातो. क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याचं, सील हवा ओढत असेल, कार्बोरेटरमागचं रबर चिरलं असेल. सगळी तोंडं बंद करून आत थोडा दाब भरावा, साबणाचं पाणी लावावं. बुडबुडे चोर दाखवतात. काही सील मात्र उलट, हवा आत खेचतानाच गळतात, म्हणून व्हॅक्यूमही लावून बघायचा.

खरं तर वापरून झिजलेल्या मशीनपेक्षा टाकीत पेट्रोल ठेवून विसरलेलीच जास्त येतात. चेनसॉ आडवा-उलटा कसाही चालावा म्हणून त्याच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा भाग, नसतो; डायफ्रॅम, म्हणजे पातळ पडदा, असतो. शिळ्या पेट्रोलात तो वाळक्या पानासारखा कडक होतो. नळ्याही तडकतात. डायफ्रॅम, नळी, टाकीतला फिल्टर बदलला की अशी कितीतरी ‘मेलेली’ मशीनं उठून बसतात.

मग ट्यूनिंग, म्हणजे कार्बोरेटरच्या स्क्रूने पेट्रोल कमी-जास्त करणं. त्याआधी एअर फिल्टर साफ हवाच. बुजलेल्या फिल्टरने इंजिन रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं, आपण स्क्रू आवळून पेट्रोल कमी करतो नि आवाज जुळवतो; पुढे कुणीतरी फिल्टर झटकतो आणि इंजिन लीन होऊन बसतं. अडखळणं बंद झालेलं ऐकून तो मात्र म्हणतो, काय पळतंय!